पाऊण टक्क्यापासून एक्केचाळीस टक्क्यांपर्यंत: ल पेन यांच्या पक्षाचा उदय कसा वाचावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९७४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ज्याँ-मारी ल पेन यांना फ्रान्समध्ये ०.७५ टक्के मते मिळाली होती आणि २०२२ च्या अंतिम फेरीत त्यांची कन्या मारीन ल पेन यांना ४१.४५ टक्के मिळाली, तर मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांत नेमके काय घडले? प्रश्नकर्त्यांनी स्वतःचे उत्तरही सुचवले आहे: बेरोजगारी वाढली, स्थलांतरितांविषयीचा राग वाढला आणि त्या रागाची लाट आली. शिवाय मारीन यांच्यावर निवडणूकबंदी घालणाऱ्या मार्च २०२५ च्या न्यायालयीन निकालानंतर हे प्रकरण संपले असे मानावे का, अशीही विचारणा आहे.

युरोपातील निवडणुकांचे आकडे वाचणे आणि ते विद्यार्थ्यांना समजावून सांगणे हेच माझे गेल्या दोन दशकांहून अधिक काळाचे काम असल्यामुळे प्रथम एक आग्रह धरतो: 'लाट' हा शब्द बाजूला ठेवावा. लाट येते आणि ओसरते, आणि तिला कोणी वाट करून द्यावी लागत नाही. ल पेन यांच्या पक्षाचा इतिहास पाटाच्या पाण्यासारखा अधिक आहे. पाणी होतेच, परंतु ते शेतात कधी शिरले हे बांध कोणी, केव्हा आणि कोणत्या हिशेबाने फोडला यावर ठरले, आणि बहुतेक वेळा तो हिशेब दुसऱ्याच कोणाचा तरी होता.

बेरोजगारीचे स्पष्टीकरण आकड्यांपुढे टिकत नाही, एवढे आधी दाखवून देतो. ल पेन यांच्या नॅशनल फ्रंट या पक्षाने १९७८ मध्ये 'दहा लाख बेरोजगार म्हणजे दहा लाख जास्तीचे स्थलांतरित' या अर्थाचे भित्तिपत्रक काढले. १९८१ पर्यंत बेरोजगारांची संख्या पंधरा लाखांच्या पुढे गेली होती, म्हणजे त्या घोषणेला जमीन तयार होती. तरीही त्या वर्षी ल पेन यांना उमेदवारीसाठी लागणाऱ्या लोकप्रतिनिधींच्या ५०० सह्यासुद्धा जमवता आल्या नाहीत आणि ते मतपत्रिकेवर आलेच नाहीत. याउलट १९९७ ते २००१ या काळात लिओनेल जोस्पँ यांच्या समाजवादी सरकारच्या कारकिर्दीत बेरोजगारी लाखोंनी घटली, आणि नेमके त्यानंतरच, २००२ मध्ये, ल पेन यांनी जोस्पँ यांनाच मागे टाकून अंतिम फेरी गाठली. अर्थकारणाचा काहीच संबंध नाही असे मी म्हणत नाही. मात्र बेरोजगारी आणि मते यांची गाठ इतकी सरळ नाही.

पक्ष कोणत्या मातीतून उगवला हेही पाहिले पाहिजे, कारण पुढे त्याच मातीवर रंग देण्याचे काम झाले. ज्याँ-मारी ल पेन यांचा जन्म १९२८ साली ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील ला त्रिनिते-स्यूर-मेर या गावी एका मच्छीमाराच्या घरी झाला. १९५६ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, ते पिएर पुजाद यांच्या करविरोधी दुकानदारांच्या आंदोलनातून संसदेत गेले. त्याच दशकात ते इंडोचायनात आणि अल्जीरियात सैनिक म्हणून राहून आले. नॅशनल फ्रंटची स्थापना ऑक्टोबर १९७२ मध्ये झाली ती 'ऑर्द्र नुव्हो' या नवफॅसिस्ट गटाच्या पुढाकाराने. त्या गटाला निवडणुकीत उतरण्यासाठी जरा सभ्य दिसणारा, संसद पाहिलेला चेहरा हवा होता आणि तो ल पेन यांच्या रूपाने मिळाला. पक्षाचे पहिले खजिनदार पिएर बुस्के हे दुसऱ्या महायुद्धात वाफेन-एसएस या नाझी सशस्त्र दलाच्या फ्रेंच तुकडीत होते. या पक्षाला 'अतिउजवा' म्हणणे हे केवळ विरोधकांचे दूषण आहे असे त्याचे समर्थक आजही सांगतात, म्हणून हा तपशील देतो. फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठानेही मार्च २०२४ मध्ये गृहमंत्रालयाने केलेले हेच वर्गीकरण योग्य ठरवले.

पहिली दहा वर्षे हा पक्ष नावापुरताच होता. त्या काळातील महत्त्वाची घटना राजकीय नव्हे, खाजगी होती: सिमेंट उद्योगातील एका धनाढ्य घराण्याचा वारस युबेर लाँबेर हा मरताना आपली संपत्ती आणि पॅरिसलगतच्या सँ-क्लू येथील वाडा ल पेन यांच्या नावे करून गेला. पैशाची विवंचना संपल्यामुळे ल पेन हरत राहूनही राजकारणात टिकू शकले. अशा पक्षांच्या चरित्रात हरण्याची ऐपत असणे ही फार मोठी गोष्ट असते, आणि अभ्यासकांचे तिकडे कमी लक्ष जाते.

बांध फुटला तो १९८२ ते १९८६ या चार वर्षांत, आणि या चार वर्षांवर मी थोडे रेंगाळणार आहे.

पॅरिसच्या पश्चिमेस द्रू नावाचे तीसेक हजार वस्तीचे कारखान्यांचे शहर आहे. ज्याँ-पिएर स्तिर्ब्वा हा नॅशनल फ्रंटचा संघटक १९७८ पासून तिथे पत्नीसह ठाण मांडून होता. सुरुवातीला त्याला दोनेक टक्के मते पडत. तो दारोदार फिरत राहिला, वसाहतींमधील जिने चढत राहिला, आणि सप्टेंबर १९८३ च्या नगरपालिका निवडणुकीत त्याच्या यादीला जवळजवळ १७ टक्के मते मिळाली. इथपर्यंत ही एका चिवट कार्यकर्त्याची गोष्ट होती. तिला राष्ट्रीय अर्थ आला तो दुसऱ्या फेरीत, कारण प्रस्थापित उजव्या पक्षांनी डाव्यांकडून नगरपालिका काढून घेण्यासाठी स्तिर्ब्वाच्या यादीशी आपली यादी जोडली, निवडणूक जिंकली आणि नॅशनल फ्रंटला उपमहापौरपदे दिली. आउशवित्झच्या छळछावणीतून वाचलेल्या सिमोन वेय यांनी उजव्या आघाडीतच राहून याला उघड विरोध केला, परंतु त्यांचा आवाज एकटा पडला. ज्या पक्षाला मत देणे म्हणजे मत वाया घालवणे असे लोक समजत होते, त्या पक्षाचे मत आता निकाल फिरवू शकते हे त्या रविवारी सगळ्या देशाने पाहिले.

दुसरा बांध राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादातून फुटला. सरकारी दूरचित्रवाणी आपल्याला वेळ देत नाही अशी तक्रार ल पेन यांनी १९८२ मध्ये समाजवादी राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मित्तराँ यांच्याकडे पत्राने केली; मित्तराँ यांनी तिला सौजन्याने उत्तर दिले आणि सर्व पक्षांना न्याय मिळावा म्हणून संबंधितांना लिहिले. फेब्रुवारी १९८४ मध्ये ल पेन त्या काळच्या सर्वांत प्रतिष्ठित राजकीय मुलाखतीच्या कार्यक्रमात बसले. चार महिन्यांनी युरोपीय संसदेच्या निवडणुकीत त्यांच्या यादीला १०.९५ टक्के मते आणि दहा जागा मिळाल्या. ही निवडणूक प्रमाणशीर पद्धतीची, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देणारी होती, आणि तिच्यातून सरकार बनत नसल्यामुळे मतदार तिच्यात मोकळ्या हाताने राग व्यक्त करतो.

१९८६ ची संसदीय निवडणूकही मित्तराँ यांनी प्रमाणशीर पद्धतीने घेतली. फ्रान्सची नेहमीची पद्धत दोन फेऱ्यांची आहे: आपल्याकडे एकाच फेरीत सर्वाधिक मते घेणारा निवडून येतो, तिथे मात्र पहिल्या फेरीत निम्म्याहून अधिक मते कोणालाच न मिळाल्यास आघाडीच्या उमेदवारांमध्ये दुसरी फेरी होते, आणि त्या फेरीत मित्र नसलेला पक्ष चिरडला जातो. प्रमाणशीर पद्धतीत मित्रांची गरजच नसते. परिणामी ९.६५ टक्के मतांवर नॅशनल फ्रंटचे ३५ खासदार निवडून आले, म्हणजे नेमके कम्युनिस्ट पक्षाइतके. त्या निवडणुकीनंतर आलेल्या ज्याक शिराक यांच्या उजव्या सरकारने पुन्हा जुनी पद्धत आणली आणि १९८८ मध्ये जवळजवळ तेवढ्याच मतांवर पक्षाचा एकच खासदार उरला. मतदार तेच, मते तीच. नियम बदलला तर ३५ चा १ होतो.

मित्तराँ यांनी हे उजव्यांची मते फोडण्यासाठी मुद्दाम केले का, हा वाद फ्रान्समध्ये आजही मिटलेला नाही. प्रमाणशीर पद्धतीचे आश्वासन त्यांच्या १९८१ च्या प्रचारातच होते, त्यामुळे सगळेच कारस्थान म्हणणे अन्याय होईल. तथापि, पराभव समोर दिसत असताना आश्वासने अचानक आठवतात हेही राजकारणात नवे नाही. माझे मत असे की त्यांना फायदा दिसत होता आणि तोटा दुसऱ्याच्या दारात पडेल असे वाटत होते. पुढे वीस वर्षांच्या आत तो समाजवाद्यांच्याच दारात येऊन पडला.

२००२ चे उदाहरण मी दरवर्षी वर्गात फळ्यावर मांडतो, कारण 'उदय' म्हणून जे दिसते ते कधी कधी निव्वळ अंकगणित असते. ल पेन यांना १९९५ मध्ये सुमारे ४५ लाख ७१ हजार मते होती आणि २००२ च्या पहिल्या फेरीत सुमारे ४८ लाख ५ हजार. सात वर्षांतील वाढ अडीच लाखही नाही. तरीही २१ एप्रिलच्या रात्री देश हादरला, कारण शिराक १९.८८, ल पेन १६.८६ आणि जोस्पँ १६.१८ असा क्रम लागला आणि डावे अंतिम फेरीतूनच बाहेर पडले. रिंगणात तब्बल १६ उमेदवार होते. सरकारमधील मित्रपक्षांनीसुद्धा आपापले उमेदवार उभे केले होते, कारण जोस्पँ दुसऱ्या फेरीत जाणारच हे सगळ्यांनी गृहीत धरले होते. मतदारांपैकी सुमारे २८ टक्के घरीच बसले. ल पेन आणि जोस्पँ यांच्यातील अंतर होते १ लाख ९४ हजार ६०० मते. दोन आठवड्यांनी शिराक ८२.२१ टक्के मतांनी जिंकले, म्हणजे पाचांपैकी चार मतदारांनी ल पेन यांना नाकारले, आणि तरीही लोकांच्या स्मरणात राहिली ती पहिली फेरीच.

मुख्य म्हणजे ज्याँ-मारी यांना सत्ता नको होती असे त्यांच्या वर्तनावरून म्हणावे लागते. १९८७ मध्ये त्यांनी नाझींच्या विषारी वायूच्या कोठड्यांना दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासातील 'एक तपशील' म्हटले, न्यायालयाने दंड केला, तरी ते वाक्य ते पुढेही उच्चारत राहिले. अशा प्रत्येक वाक्याने निष्ठावंत आणखी घट्ट होत आणि युतीची दारे आणखी बंद होत. त्यांचे सहकारी ब्रुनो मेग्रे यांना हे पटेना. उजव्या पक्षांशी जमवून घेऊन सत्तेत जावे असे त्यांचे म्हणणे होते. १९९८-९९ च्या हिवाळ्यात पक्ष फुटला आणि निम्म्याच्या आसपास कार्यकर्ते मेग्रे यांच्याबरोबर गेले. मेग्रे पुढे विस्मृतीत गेले, परंतु त्यांचीच युक्ती दहा-बारा वर्षांनी मुलीने वडिलांच्या आडनावासह वापरली. राजकीय घराण्यांची ही गंमत मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको.

मारीन ल पेन जानेवारी २०११ मध्ये तूर येथील अधिवेशनात सुमारे दोन तृतीयांश मतांनी अध्यक्ष झाल्या. त्यांच्या धोरणाला फ्रेंचमध्ये 'सैतानपण काढून टाकणे' अशा अर्थाचा शब्द रूढ झाला. ज्यूद्वेषी वक्तव्यांना मज्जाव करण्यात आला, वडील ऐकेनात तेव्हा ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांना त्यांनीच घडवलेल्या पक्षातून काढण्यात आले, आणि २०१८ मध्ये पक्षाचे नावही 'नॅशनल रॅली' करण्यात आले. केवळ रंगरंगोटी म्हणून हे सोडून देणारे एक महत्त्वाची गोष्ट विसरतात: स्त्रिया ज्याँ-मारी यांना पुरुषांपेक्षा स्पष्टपणे कमी मते देत, ते अंतर मारीन यांच्या काळात जवळजवळ बुजले. उलट, पक्ष मुळापासून बदलला असे म्हणणारेही चुकतात. घरे, नोकऱ्या आणि सरकारी साहाय्य यांत परदेशी नागरिकांआधी फ्रेंच नागरिकांना प्राधान्य, हा १९८० च्या दशकातील गाभा शब्द बदलून तसाच राहिला आहे.

खरा बदल भूगोलाचा आणि वर्गाचा होता. वडिलांचा पक्ष प्रामुख्याने दक्षिणेचा होता. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर तिथून लाखोंच्या संख्येने परतलेली युरोपीय कुटुंबे, निवृत्त मंडळी आणि छोटे व्यावसायिक हा त्याचा पाया होता. १९९५ मध्ये तुलाँ, ओराँज आणि मारिन्यान या नगरपालिका त्याने जिंकल्या त्याही दक्षिणेत. या मतदाराला कर कमी हवे असतात. मारीन यांनी याला उत्तरेकडील बंद खाणींचा पट्टा जोडला, आणि तिथल्या मतदाराला सरकारचा आधार जास्त हवा असतो. एकाच जाहीरनाम्यात या दोन्ही मागण्या बसवणे अशक्यप्राय आहे. सरकारी पैसा उधळला जातो तो बाहेरच्यांवर, तेव्हा त्यांचे थांबवले की तुमचा कर कमी होईल आणि तुमचे निवृत्तिवेतनही सांभाळले जाईल, हे एकच वाक्य दोघांना पुरते. हिशेब जुळत नाही, पण वाक्य जुळते.

एनँ-बोमाँ हे उत्तरेतील शहर यासाठी पाहण्यासारखे आहे. तिथल्या कोळसा खोऱ्यातील शेवटची खाण १९९० मध्ये बंद झाली. २००३ मध्ये शेजारचा मेतालूरॉप हा शिसे आणि जस्ताचा कारखाना बंद पडून आठशेहून अधिक कामगारांची नोकरी गेली. तरीही शहर डाव्यांच्याच हाती होते. २००९ मध्ये तिथल्या डाव्या महापौराला सार्वजनिक निधीच्या अपहाराच्या प्रकरणात अटक झाली आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास तुटला. स्थानिक खाणकामगार कुटुंबातला स्तीव्ह ब्रिवा हा कार्यकर्ता तोवर अनेक वर्षे तिथे पाय रोवून होता. २०१४ मध्ये तो पहिल्याच फेरीत महापौर झाला आणि २०२० मध्ये ७४ टक्क्यांनी पुन्हा निवडून आला. त्याच्या कारभारात स्थलांतराविषयी भाषणे कमी आणि रस्त्यांची डागडुजी, फुलझाडे, कमी केलेला स्थानिक कर हेच अधिक दिसते. खाण बंद होण्यापासून महापौर होण्यापर्यंत मध्ये चोवीस वर्षे गेली, हे लाटवाद्यांनी ध्यानात घ्यावे.

कम्युनिस्ट कामगार थेट उठून ल पेन यांच्याकडे गेले, हे फार ऐकू येणारे विधान मला अर्धवट वाटते. काही जण गेले, पण अनेक ठिकाणी आधी मतदान करणेच सुटले आणि मुलांनी पहिले मत दिले ते थेट नॅशनल फ्रंटला. त्याचप्रमाणे जिथे स्थलांतरित सर्वाधिक तिथे या पक्षाची मते सर्वाधिक, असेही नाही. पॅरिस शहरात २०२२ च्या पहिल्या फेरीत मारीन यांना साडेपाच टक्के मते होती. जोर आहे तो महानगरांपासून दूर, जिथे रेल्वेस्थानक, टपाल कार्यालय आणि डॉक्टर एकेक करून गेले अशा गावांत.

प्रतिस्पर्ध्यांचा हातभार इथेही थांबला नाही. प्रस्थापित उजव्यांचे उमेदवार निकोला सार्कोझी यांनी २००७ मध्ये नॅशनल फ्रंटचीच भाषा उचलून ल पेन यांना १०.४४ टक्क्यांवर आणले. पक्ष कर्जात बुडाला आणि संपल्यासारखा वाटला. सरकारने स्थलांतर आणि राष्ट्रीय अस्मिता यांचे एकत्रित मंत्रालयही काढले. पाच वर्षांनी मारीन यांना १७.९ टक्के मते पडली. भाषा मान्य झाली की मतदार तिच्या मूळ मालकाकडे परत जातो, हे ज्याँ-मारी स्वतः आवर्जून सांगत असत आणि या बाबतीत त्यांचे निदान अचूक होते. २०२२ मध्ये एरिक झमूर यांनी मारीन यांच्याही उजवीकडून उमेदवारी केली, सात टक्के मते घेतली, आणि त्यांच्या शेजारी मारीन आपोआप मवाळ दिसू लागल्या. त्या स्वतः त्या वेळी इंधन आणि किराण्याच्या भावांवर बोलत होत्या. डिसेंबर २०२३ मध्ये मॅक्रॉन सरकारचा स्थलांतर कायदा मंजूर झाला तेव्हा त्यांनी त्याला आपला वैचारिक विजय म्हटले आणि त्यांच्या खासदारांनी त्याच्या बाजूने मतदान केले.

दुसऱ्या फेरीत इतर सर्वांनी एकत्र येऊन या पक्षाला अडवण्याच्या प्रथेला तिकडे 'रिपब्लिकन फ्रंट' म्हणतात. २०२२ च्या संसदीय निवडणुकीत ती प्रथा विस्कटली, कारण मॅक्रॉन यांचे समर्थक आणि डावे एकमेकांसाठी मत द्यायला तयार नव्हते. प्रमाणशीर पद्धत नसतानाही ८९ खासदार निवडून आले. जून २०२४ मध्ये युरोपीय निवडणुकीत ३१.३७ टक्के मते मिळाल्यावर मॅक्रॉन यांनी संसद विसर्जित केली. त्या वेळी मात्र दोनशेहून अधिक उमेदवारांनी दुसऱ्या फेरीआधी माघार घेतली आणि सर्वाधिक मते मिळूनही नॅशनल रॅली मित्रांसह १४३ जागांवर, तिसऱ्या क्रमांकावर थांबली. दोन वर्षांचे अंतर, तीच पद्धत, आणि फरक पडला तो प्रतिस्पर्ध्यांच्या वागण्यामुळे.

आता न्यायालयाचा प्रश्न. ३१ मार्च २०२५ रोजी पॅरिसच्या न्यायालयाने युरोपीय संसदेच्या साहाय्यकांसाठीचा पैसा पक्षाच्या कामासाठी वापरल्याबद्दल मारीन ल पेन यांना दोषी ठरवले. चार वर्षांची शिक्षा, त्यांपैकी दोन स्थगित, एक लाख युरोंचा दंड आणि पाच वर्षे निवडणूक लढवण्यास तत्काळ लागू होणारी बंदी असा तो निकाल होता. त्याविरुद्ध त्यांनी अपील केले. हा घाव व्यक्तीवर आहे आणि तो मोठा आहे, पण त्याने पक्ष संपतो असे मला वाटत नाही. ज्याँ-मारी त्याच वर्षी ७ जानेवारीला वारले. पक्षाचे अध्यक्षपद नोव्हेंबर २०२२ पासूनच जॉर्दाँ बार्देला यांच्याकडे आहे. १९९५ मध्ये पॅरिसच्या उपनगरी जिल्ह्यात जन्मलेला आणि ल पेन आडनाव नसलेला हा पहिलाच निवडून आलेला अध्यक्ष. १९८१ मध्ये ज्या पाचशे सह्या मिळाल्या नाहीत, त्या खासदार, युरोपीय संसदेचे सदस्य, प्रादेशिक परिषदांचे सदस्य आणि महापौर देऊ शकतात. त्यांतला बराच मोठा भाग आता या पक्षाला घरातूनच मिळतो.